वस्तीपुढचा थांबा

“अगं, बसलीस काय? ऊठ, चहा दे सगळ्यांना.”

भरल्या सभेत चेअरमन मला असं म्हणाले.

मी खुर्चीवर बसले हुते. चहा द्यायला न्हाय, मीटिंगला आले हुते. इंदापूर रस्ता रुंद करणार, आमच्या वस्तीपुढचा एसटीचा थांबा हलवणार, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेणार, असं भोंग्याची गाडी सांगत गेली हुती. लोक म्हंजी आमीबी, असं मला वाटलं. कामाचा खाडा केला. चांगलं लुगडं नेसले. बारामतीत त्या सभागृहात गेले.

चेअरमन म्हंजी आमच्या समोरच्या नव्या सोसायटीचे. त्यांच्या बिल्डिंगचे जिने मी तवा पुसायचे. म्हणून वळखायचे. माझं नाव त्यांना ठावं न्हाय.

आन् मी उठले. कशी उठले, आजून कळत न्हाय. आंगालाच सवय. कुणीतरी हातात ट्रे दिला.

पडद्यावर नव्या रस्त्याचं चित्र हुतं. झाडं हुती, बाकडी हुती, सायकलीवरची पोरं हुती. आमची वस्ती न्हवती. तितं नुसता हिरवा रंग. माझा सासरा कळसच्या माळावरनं मेंढरं घेऊन यायचा आन् तितंच बसवायचा. तवा सोसायटी न्हवती, डांबरबी धड न्हवतं. पुढं मेंढरं गेली. गडी एमआयडीसीत लागले, बाया लोकांच्या घरात. वस्ती तितंच ऱ्हायली.

चेअरमन बोलायला उठले. “थांबा आमच्या गेटजवळ घ्या. वस्तीसमोर घाण असते, आमच्या बायकामुलांना तिथं उभं राहवत नाही.”

सायबानं मान हलवली. सायेब रस्त्याच्या खात्याचे, पुण्याहून आलेले.

ट्रे रिकामा करून मी माघारी आले, तर माझ्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स. मी दाराशी हुभी ऱ्हायले. सायबानं विचारलं, “अजून कुणाला काही सांगायचंय?”

मी हात वर केला.

“नको मावशी. झाला आमचा चहा.”

लोक हसले. मी हात खाली घेतला.

थांबा हलला. रस्ता रुंद झाला, मधी डिव्हायडर आला, एसटी आता सोसायटीच्या गेटपाशी थांबती. माझी शीतल इंदापूरला कॉलेजात जाती. उतरली की पार लांब, डिव्हायडर तोडलाय तितवर चालायचं, रस्ता वलांडायचा, परत उसाच्या कडंनं मागं यायचं. कारखाना चालू झाला की उसाचे ट्रॅक्टर. एका मागं दोन-दोन ट्रॉल्या. थांबत न्हाईत.

एका सांजेला तिची वढणी ट्रॉलीतल्या उसाला अडकली. फरफटली. वढणी फाटली म्हणून वाचली. कोपर सोलून घरी आली.

दीर म्हणाले, “वैनी, बास झालं आता. कॉलेज बंद करा तिचं. पावण्यात एक स्थळ हाय.”

दिवसभर जिने पुसून कंबर धरली हुती. भांडायचं बळ न्हवतं. मी तिच्या कोपराला हळद लावत हुते. तिनं हळूच विचारलं, “आई, तू गेली हुतीस ना मीटिंगला? काय म्हणालीस तितं?”

काय म्हणाले मी?

पोरीच्या तोंडाकडं बघवंना.

पुढं सायेब वस्तीत आले. संगट चेअरमन, एक मॅडम, आन् मोठा फलक. ‘नागरिकांशी संवाद’. चेअरमन म्हणाले, “अगं, बायकांना बोलव. फोटो काढायचाय.”

“कशाचा फोटो?”

“तुम्हाला विचारलं, त्याचा.”

“आजून इचारलं कुठं?”

मॅडम म्हणाल्या, “ते नंतर बोलू. आधी फोटो, ऊन उतरतंय.”

बाया फलकाखाली जमल्या हुत्या. पदर सारखे करत हुत्या. माझ्या तोंडातनं आलं, “माघारी या गं सगळ्या. इचारल्याबिगार कुणी फोटोत हुभं ऱ्हायचं न्हाय.”

कुणी हललं न्हाय. मग जनाकाकू निघाली. तिचे गुडघे गेलेत, एकेक पाऊल टाकत आली, माझ्याशेजारी हुभी ऱ्हायली. मग बाकीच्या आल्या. दोन गडी फलक धरून तसंच हुभे. खाली रिकामी जमीन.

चेअरमन जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, “उद्यापासून जिने पुसायला येऊ नकोस.”

“बरं,” मी म्हणाले.

काम गेलं. आता लांब जावं लागतं, पाय भरून येत्यात. थांबा आजून गेटपाशीच हाय. सांजेला पोरी उतरायच्या टायमाला आमी बाया रस्त्यात हुभ्या ऱ्हातो, हात आडवा करून ट्रॅक्टर थांबवतो. डायवर शिव्या देत्यात. देऊ देत. शीतल कॉलेजात जाती. स्थळाचं मी दिराला तोंडावर न्हाय म्हणून सांगितलं.

मी दमलीया. थांबा परत यील का, ठावं न्हाय. पण वस्तीला इचारलं असं त्यांना लिवायचं असंल तर खोटं लिवावं लागंल. खरं लिवायचं असंल तर हितं यावं लागंल, बाया कामावरनं आल्यावर. आन् मी बोलंन तवर गप बसून ऐकावं लागंल. त्याबिगार या वस्तीची एक मान हलणार न्हाय.