माझ्या साडूंचं अकरा वर्षांचं भांडण

अख्ख्या पनवेलमध्ये माझ्या साडूंइतका सुखाने भांडणारा माणूस दुसरा नसेल. भांडण पार्किंगचं नाही, सोसायटीच्या पाण्याचंही नाही. भांडण डेटाबेसचं. कंपनीचा माल, गिऱ्हाइकं, गाड्या यांची सगळी माहिती ज्यात साठवलेली असते आणि मागितली की मिळते, तो डेटाबेस. असाच एक विकतचा डेटाबेस साडू गेली पंचवीस वर्षं एका गोदामांच्या कंपनीत सांभाळतात आणि त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढला की त्यांच्या अंगात येतं. ब्र काढणारा माणूस उरणचा. बंदरातल्या एका ऑफिसात तो दुसरा, फुकट मिळणारा डेटाबेस सांभाळतो आणि या धंद्यातल्या मंडळींच्या ग्रुपवर ‘खाडीकाठ’ या नावाने लिहितो. दोघं रोज भांडतात. उरण तासाभरावर आहे, पण एकमेकांना एकदाही भेटलेले नाहीत.

या भांडणाला वेळकाळ नसतो. पुतणीच्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक साडूंच्या हातात होतं. मंगलाष्टकं ऐन रंगात असताना खाडीकाठाने लिहिलं की विकतचा डेटाबेस म्हणजे पांढरा हत्ती. साडूंनी रिकाम्या हाताने उत्तर लिहायला घेतलं, अंतरपाट हळूहळू खाली आला आणि नवरानवरी एकमेकांकडे बघून हसायला लागली. भटजी अर्ध्या ओळीवर थांबले. “एक मिनिट, पाठवतो आणि धरतो,” साडू शांतपणे म्हणाले. मेहुणी त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि खाडीकाठाला उत्तर द्यायला आपल्याला निवांत आठवडा मिळाला, असं ते मला कौतुकाने सांगत होते.

धंद्याचे नियम ते घरातही पाळतात. स्टेशनजवळच्या हॉटेलात एकदा आम्ही मसाला डोसा आणि कॉफी मागवली. डोसा आला आणि वेटर म्हणाला, कॉफी संपली. साडूंनी माझ्यासमोरचा गरम डोसासुद्धा उचलून परत केला. त्यांच्या शास्त्रात व्यवहार पुरा झाला तर झाला, नाहीतर मुळापासून रद्द. “अर्धवट काही ठेवायचं नाही, मास्तर. तिथूनच घोटाळे सुरू होतात.” मी कामोठ्यात गणिताचा क्लास घेतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात, आणि त्या दिवशी मास्तर उपाशी घरी गेले. त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते कामोठ्याला येतात, ती किल्ली घेऊन नवीन पनवेलला जातात, घर उघडून बघतात आणि किल्ली परत आणून देतात. किल्ली नुसती ठेवून उपयोग नाही, तिने कुलूप उघडतं का ते बघितलं पाहिजे म्हणे. दरवेळी उघडतं. दरवेळी ते मला तसं गंभीरपणे कळवतात.

शत्रूचा अभ्यास मात्र दांडगा. खाडीकाठाच्या डेटाबेसचं अख्खं माहितीपुस्तक त्यांनी छापून, दोन खंडांत बांधून घेतलं होतं. त्यातली खोट दिसली की लाल पेन्सिलीची रेघ, आणि ‘यावर तो असं म्हणेल’ म्हणून समासात बारीक अक्षरात खोटीवरचा उपायही. मुलाच्या दहावीची पुस्तकं या माणसाने इतकं मन लावून चाळली नव्हती, हे मला माहीत आहे, कारण तो मुलगा माझ्याच क्लासला होता.

मग गेल्या वर्षी मेहुणीचा फोन आला. “भावजी, जरा येऊन जाता का? हे दोन दिवस ग्रुपवर काहीच लिहीत नाहीयेत.” मी गेलो. कंपनीत नवे साहेब आले होते आणि त्यांनी जुना डेटाबेस बंद करून तो फुकटचा आणायचं ठरवलं होतं. सगळी माहिती हलवायला बाहेरची तज्ज्ञ मंडळी येणार होती. साडू गॅलरीत बसले होते, फोन उपडा ठेवलेला.

“चौपन्न वय माझं,” ते म्हणाले. “मला काढतील. आणि नाही काढलं, तर तोच चालवायला लावतील.” दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, ते त्यांना ठरवता येत नव्हतं. मला मात्र पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली.

त्या तज्ज्ञांनी बैठकीत सांगितलं, काही अडचण येणार नाही. साडूंना राहवेना. “येतील. एकोणीस येतील,” ते म्हणाले आणि एकेक अडचण उपायासकट सांगत गेले. शिव्या देण्यासाठी अकरा वर्षं जमवलेलं सगळं त्यांच्या तोंडून ओळीने बाहेर पडलं. साहेबांनी तिथल्या तिथे ते काम साडूंवर सोपवलं. ही आनंदाची बातमी त्यांनी मला दिली तेव्हा त्यांचा चेहरा दाढ उपटून आल्यासारखा होता. काम मात्र चोख केलं. एका रविवारी सकाळी सुरुवात केली आणि दुपारच्या जेवणापर्यंत सगळी माहिती नव्या घरी गेली, एक नोंद इकडची तिकडे झाली नाही.

नोकरी वाचली. आता ग्रुपवर सांगणं आलं, आणि तिथे त्यांचा धीर होईना. एकदा कबूल केलं की भांडण संपलं. खाडीकाठ रोज विचारायचा, “कुठं हाव? बरं हाय ना?” पंधरा दिवसांनी माझ्यासमोर त्यांनी लिहिलं: “आमच्याकडे तुमचा डेटाबेस आला. मीच आणला. चांगला चालतो.” शेवटचे दोन शब्द लिहायला त्यांना अख्खा कप चहा लागला. ग्रुपवर हसरे चेहरे धडाधड पडले. त्यांत खाडीकाठाचा नव्हता. साडू फोनकडे बघत राहिले.

तासाभराने उत्तर आलं. “तुमी उगाच सोडलात. तुमचा जुना लय भारी होता. एकदम कितीबी माणसं मागायला आली तरी तो दमत नाय. आमच्याला ते अजून जमत नाय.”

साडू ताठ बसले. “याला काय कळतंय? न जमायला काय झालं?” आणि बोटं भराभर चालायला लागली. तिकडून लगेच जुन्याची बाजू, इकडून नव्याची. मी वाचत होतो. अकरा वर्षं ज्याला पांढरा हत्ती म्हटलं, त्याचे गोडवे तो उरणचा माणूस गात होता, आणि त्यातल्या एका शब्दावरही त्याचा विश्वास नव्हता, हे माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं. मला त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल एकदम माया वाटली.

“अहो,” मी म्हटलं, “तो मुद्दाम बाजू बदलून भांडतोय. कळतंय ना तुम्हाला?”

साडूंनी मान वर केली नाही. “कळतंय हो, मास्तर,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “म्हणून तर त्याला ताटकळत ठेवत नाहीये.”