लायनरवरचे ओरखडे

गुळगुळीत गोष्टींचा मला मनापासून राग येतो. माणसांचाही. याला कारण आमच्या गावच्या पाणी सोसायटीचं डिझेल इंजिन.

दुष्काळात तलावाच्या तळाशी उरलेलं पाणी ते इंजिन उपसायचं आणि सभासदांच्या शेतांना ते पाळीपाळीनं मिळायचं. आमची मोसंबीची बाग त्यावरच तगून होती. पुन्हा ऊस तोडायला जावं लागू नये, एवढ्यासाठी आईनं ती लावली होती.

ऐन उन्हाळ्यात इंजिन धूर ओकायला लागलं. नांदूरघाटच्या मिस्त्रीनं नवा लायनर आणला, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी. आतून बारीक, एकमेकांना छेदणारे ओरखडे. चेअरमननं आत बोट फिरवलं.

"काय बे, जुना माल गळ्यात मारतो का आमच्या?"

"न्हाई साहेब, त्या रेघा मुद्दाम पाडत्यात. त्यात तेल धरून राहतं. गुळगुळीत केलं तर पिस्टन कोरडा घासून जाम हुतो."

"जात्याला टाकी लावून खडबडीत करत्यात, तसंच की," आई माझ्या कानात म्हणाली. मोठ्यानं कशी बोलणार? सोसायटीचा शेअर बापाच्या नावावर होता.

चेअरमननं सभा तिथंच उरकली. लायनर बीडला, भांड्यांना पॉलिश करणाऱ्याकडे न्यायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले, बापानंही. आईनं त्याची बाही ओढली.

"गप. चेअरमनच्या इरोधात जाऊन पाळी घालवू का?" तो म्हणाला.

लायनर आरशासारखा होऊन आला. चेअरमननं खूश होऊन त्याच्यावरून हात फिरवला. आमच्या पाळीच्या आदल्या दिवशी इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. उघडून पाहिलं तर लायनरला उभे, खोल चरे. चेअरमन म्हणतो कसा, "बघा, मी म्हणलो न्हवतो? माल जुनाच व्हता." मिस्त्रीला पुन्हा काम द्यायचं नाही, असा ठराव झाला. बापानं पुन्हा हात वर केला. मला त्याची किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही.

दुसरं इंजिन येईपर्यंत तलाव आटला. बाग उभी वाळली. आईनं ती जळणासाठी स्वतःच तोडली, आम्हाला कुणाला झाडाला हात लावू दिला नाही.

दिवाळीनंतर आम्ही उसाच्या फडात होतो. माझी शाळा सुटली होती. बाप कडेला नुसता बसून राहिला होता. आईनं त्याच्या हातात कोयता दिला.

"उचला की आता हात," ती म्हणाली.