मान आणि चेहरा

सकाळपासून भट्टीत साचा तापतो आहे आणि त्याच्या पोटातलं मेण थेंबाथेंबानं खालच्या परातीत उतरतं आहे. मेणात राळ मिसळलेली असते. तिचा वास आधी धुपासारखा दरवळतो आणि मग घशाशी बसतो. या वासात माझं निम्मं आयुष्य गेलं, पण आज तो नकोसा झाला आहे. साच्यात माझ्या वडिलांचं डोकं आहे. मेण संपलं की आत त्यांच्या चेहऱ्याएवढी पोकळी उरेल आणि दिवस मावळायच्या आत तिच्यात ब्राँझचा रस जाईल. मग भुवई जरा खाली घेऊ, नाक जरा तासू, असं काही उरत नाही. आणि हे डोकं खरंच त्यांचं आहे का, ते मला सांगता येत नाही.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. शहराच्या कडेला त्यांचा शेवंतीचा आणि झेंडूचा मळा होता. मी नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला चिकटावं असं त्यांना वाटे. मी शिल्पकला शिकायला मुंबईला गेलो. पुतळे करून पोट भरतं का, एवढं त्यांनी एकदा विचारलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. कॉलेजात हाडं नि स्नायू कळले. धातू मात्र कळला तो ज्यांच्याकडे ओतकाम शिकलो त्या उस्तादांच्या भट्टीवर. माझ्या पहिल्यावहिल्या डोक्यांच्या गालांना भोकं पडत. उस्ताद ती निमूटपणे फोडून पुन्हा वितळवायला मुशीत टाकत आणि मला मेणाचा थर सारखा करायला बसवत. पुढे कामं येत गेली. कुणा संस्थेचे संस्थापक, कुणी चेअरमन, चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याचे आजोबा. जन्मभर मी दुसऱ्यांचे वडील घडवले.

आमच्या धंद्यात माती पास करायची एक रीत आहे. मातीवरून साचा घेऊन मेणाचं डोकं करण्याआधी घरची मंडळी मातीचा चेहरा बघायला येतात. मुलं मोबाइलमधले फोटो काढून दाखवतात, जावई गाल भरायला सांगतात, टोपीवरून वाद होतो. शेवटी घरातल्या म्हातारीला पुढे आणतात. ती बघते, पदर डोळ्यांना लावते आणि म्हणते, ‘हेच.’ की माती पास. त्या ‘हेच’वर मी कधी शंका घेतली नाही.

दादा गेल्यावर त्यांच्यासाठी माती लावली आणि माझी पंचाईत झाली. एवढ्या पुतळ्यांनी हाताला खोड लागली होती. कपाळ रुंद होई, हनुवटी वर जाई, नजर कुठेतरी लांब लागे. दादांनी लांब कधी पाहिलं? खरवडून पुन्हा लावावं तर चेअरमन उगवत, नाहीतर व्यापाऱ्याचे आजोबा. फोटो एकच धड होता, बहिणीच्या लग्नातला, त्यातही फेटा भुवयांवर उतरलेला आणि डोळे उन्हानं मिटलेले. म्हणून आठवायला बसलो, तर डोळ्यांपुढे माझीच माती यायला लागली. मी घाबरलो. माणूस गेल्याचं दुःख होतंच, आता त्याचा चेहराही माझ्याच हातानं पुसला जातोय की काय असं वाटून मी एका दुपारी कारखान्यात एकटाच रडलो.

शेवटी आईला आणलं. ती पुढे उभीच राहिली नाही. वळसा घालून मागे गेली आणि मातीच्या मानेवर तळहात ठेवून थांबली.

“मान त्यांचीच हाय,” ती म्हणाली. “इथं ऊन लागायचं त्यांना.”

“आणि चेहरा?”

“तोंडाचं तुला माहीत. फुलं तोडताना ते पुढं, मी मागं. मला मानच दिसायची.”

मग ती समोर आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “चांगलं हाय. करून टाक.” ‘हेच’ ती म्हणाली नाही.

मी तिथेच अडकलो आहे. मानेकडे मी लक्षच दिलं नव्हतं. चेहरा छळत होता, म्हणून ती नुसती सवयीनं करून टाकली होती. ती कुठून आली? लहानपणी फुलांची पाटी घेऊन मीही त्यांच्या मागून चालायचो, म्हणून हातात राहिली असेल? की आईनं माझं मन राखलं? घरी गेल्यावर तिला विचारलं, एवढ्या संसारात तू दादांच्या तोंडाकडे कधी पाहिलंच नाहीस का? ती हसली. तेवढा येळ कुणाला होता, म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. मला हसावं की रडावं ते कळेना. तिनं पाहिलं असेलही, मला सांगायचं नसेल.

आता साचा खड्ड्यात उतरवला आहे, उलटा, मानेची बाजू वर. उस्ताद हल्ली माझ्याच भट्टीवर येतात; मूस चिमट्यात धरून ते माझ्याकडे बघताहेत. थांबलो तर साचा गार होऊन तडकेल.

“ओतू ना?” त्यांनी विचारलं.

मी ओता म्हणालो. रस मानेतून आत गेला तेवढा दिसला; चेहऱ्यापर्यंत कसा पोचला ते कुणालाच दिसत नाही. उद्या साचा फोडू. जो चेहरा निघेल त्याला नातवंडं दादा म्हणतील, आणि काही वर्षांनी मीही म्हणेन.