भातगिरणीच्या इंजिनाचा कौल

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात कशालाही देवाचा कौल लागतो. सोयरीक असो, विहीर असो, कोर्टातली केस असो. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पण डिझेल इंजिनाची दुरुस्ती करावी का, हे देवाला विचारणारे माझे वडील, आप्पा, पहिलेच असावेत.

इंजिन आमच्या भातगिरणीचं. अंगानं रेड्याएवढं, स्वभावही तसाच. हँडल मारून ते चालू करायचं कसब एकट्या आप्पांच्या हातात. मी बेळगावात नोकरीला. एका सुट्टीत जोर लावून बघितला, तर ते नुसतं शिंकलं. इंजिन गेलं की गिरणीत आप्पांना काही कामच उरणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते कुणी बोलत नव्हतं. मी मात्र दर सुट्टीला विजेच्या मोटारीचं तुणतुणं वाजवायचो.

अशात इंजिनाचा क्रँक, म्हणजे आतला मुख्य दांडा, तुटला. फिटर आप्पांना म्हणाला, "अण्णा, दुरुस्त हुईल, पर आता म्हातारं झालंय हे." आप्पांना ते स्वतःलाच म्हटल्यासारखं झोंबलं. म्हणाले, "देवाला इचारूया."

देवळात पहिला सवाल झाला, "दुरुस्त करू काय?" डावी पडली. मी आनंद लपवला.

"पाणी कमी लावलंस," आप्पा गुरवावर डाफरले. "पुन्ना लाव."

पुन्हा डावी. मग आप्पांनी सवालच बदलला, "यंदाच्या सुगीपुरतं चालवू काय?"

उजवी पडली. माझ्या मते ती कंटाळून पडली.

"बघ, देवाचंच म्हणनं हाय," आप्पा मला म्हणाले. देवाच्या हुकमानं इंजिन दुरुस्त झालं. सुगी संपली, देवानं दिलेली मुदतही संपली. तो विषय आप्पांनी काढला नाही आणि देव तर बोलतच नाही.

पुढच्या सुगीत हँडल उलटं फिरलं आणि आप्पांचं मनगट मोडलं. मी धावत गावी आलो. ते प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन बसले होते. मला बघताच म्हणाले, "मोटार आण रं."

इतकी वर्षं हेच ऐकायला टपलेला मी. पण तोंडातून निघालं, "आप्पा, आधी कौल तरी लावूया की."

"देवाला कशाला तरास? हातच सांगतोय न्हवं."

मी मोटार आणली.

आता बटण दाबलं की गिरणी चालते. आप्पांचा हात कधीच बरा झाला, पण बटण आईच दाबते. आप्पा सकाळी नेहमीच्या वेळेला बाह्या सारून गिरणीत येतात, मोटारीकडं बघत उभे राहतात, आणि कुणी भात घेऊन आलं की म्हणतात, "तिकडं मालकिणीला इचारा."