एका साधकाने विचारले

सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टेनो होते. घरात दिवसभर कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे मी, हे कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. नवऱ्याच्या नोकरीवरून बोलणं सुरू झालं, नणंदेच्या संसारावर आलं आणि संपलं तेव्हा राजीनाम्याचा मसुदा मी स्वतःच टाइप करत होते. साहेब म्हणाले, "नाही तरी आता कॉम्प्युटर येतायत. स्टेनोंचं तसं अवघडच आहे." निरोपाचं भाषण म्हणून हे एवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. वर्तमानपत्रात छोट्या जाहिरातींच्या पानावर 'घरबसल्या काम' हे शब्द रोज असत. मी पेन घेऊन बसायचे. बहुतेक जाहिराती उदबत्त्यांच्या, पापडांच्या, पाकिटांवर पत्ते लिहिण्याच्या. मला येत होतं ते ऐकणं आणि टाइप करणं. माणूस बोलतो त्या वेगानं त्याचं बोलणं कागदावर आणायचं, ही विद्या मी पैसे भरून, परीक्षा देऊन शिकले होते. तिला घरबसल्या गिऱ्हाईक मिळेना.

त्याच सुमाराला कॉलेज रोडवर एक क्लास निघाला. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांची माहिती टेपवर बोलतात, ती ऐकून इथे टाइप करायची, पुढे काम घरीही मिळतं, असं फलकावर लिहिलेलं होतं. शेजारणीला सासऱ्यांजवळ बसवून मी धावत गेले. काउंटरवरच्या मुलीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मॅडम, आम्ही पंचविशीच्या आतलेच घेतो. आणि तुमचं इंग्लिश ॲक्सेंटचं जरा…"

"बोलणार डॉक्टर," मी म्हटलं, "टाइप मी करणार. माझ्या उच्चारांचा संबंध कुठे येतो?"

तिनं माहितीपत्रक पुढे केलं आणि माझ्या मागच्या मुलीकडे पाहून "येस?" म्हणाली. मी ते माहितीपत्रक तिथेच काउंटरवर ठेवून आले. घरी नवरा म्हणाला, "कशाला एवढं मनाला लावून घेतेस?" त्याच्यावर काही मनाला लावून घ्यायची वेळच कधी आली नव्हती.

काम शेवटी मिळालं ते माझ्या जुन्या टायपिंग इन्स्टिट्यूटच्या सरांकडून. पंचवटीत एका महाराजांचं मंडळ होतं. महाराज गावोगाव प्रवचनं करत, मंडळ ती टेप करून ठेवी. आता त्या कॅसेट ऐकून कागदावर उतरवायच्या होत्या, म्हणजे पुस्तक काढता आलं असतं. मंडळाचे चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला चहा दिला, प्रसाद दिला आणि म्हणाले, "ताई, शब्दन् शब्द हवा. महाराजांची वाणी आहे ती. आपण आपल्या पदरचं काही घालायचं नाही आणि काढायचंही नाही."

मला इतका आनंद झाला की सिडकोतल्या घरापर्यंत रिक्षानं आले.

सरांनी त्यांच्याकडचं एक जुना मराठी टाइपरायटर वापरायला दिला. टेपरेकॉर्डर घरचाच होता. त्याचं पॉजचं बटण दाबून दाबून माझ्या बोटाला घट्टा पडला. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं, शंका आली तर मागे घ्यायचं. प्रवचनात पंख्याची घरघर, टाळ, लहान मुलांचं रडणं, मध्येच माइकची शीळ. हे सगळं बाजूला सारून आवाज वेगळा काढायला लागतो. याला काम म्हणतात. पण कानाला हेडफोन लावून घरात बसलेली बाई म्हणजे गाणी ऐकणारी बाई, असं आमच्या बिल्डिंगमध्ये ठरून गेलं होतं. दार वाजवून बायका म्हणायच्या, "तुम्ही घरीच आहात ना, माझ्याकडं गॅस येणार आहे, तेवढा घेऊन ठेवा." कुणाचं पोरगं शाळेतून यायचं ते माझ्याकडे, कुणाचं कुरिअर माझ्याकडे. कारखान्यात होते तेव्हा यांच्यातलं कुणी मला सिलिंडर घ्यायला बोलावलं नव्हतं.

महाराज बोलायचे मात्र सुंदर, हे मी मान्य करते. विंचूरच्या बाजारातला कांदा, द्राक्षाच्या वेलीची छाटणी, विहिरीचा झरा, असे दाखले ते सहज देत. सासऱ्यांची वाचा गेली होती, पण कान शाबूत होते. काही वेळा मी हेडफोनची पिन काढून टाकायचे, म्हणजे त्यांनाही ऐकू जाई. त्यांचा चांगला हात पांघरुणावर ताल धरायचा. त्या दिवसांत मला ते काम आवडत होतं. महाराजही आवडत होते.

मग ती कॅसेट आली. गंगापूरच्या बाजूच्या कुठल्या तरी गावातलं प्रवचन होतं. शेवटी लोकांनी प्रश्न विचारायचे होते. कुणी गुरुमंत्राबद्दल विचारलं, कुणी उपवासाबद्दल. मग एका बाईचा आवाज आला. आधी घाबरलेला, नंतर सरळ.

"महाराज, माझं मालक गेले. मळा मीच करते, फुलं मीच इकते. तुमच्या गळ्यात आता हार हाय ना, ती फुलं बी माझ्याच मळ्यातली हायेत. देवाला रोज जातात. मंग माझ्या लेकीचं लगीन हाय, तर तिच्या हळदीला मला हात लावू द्यायचा नाय म्हनतात. माझी फुलं देवाला चालतात, आन मी लेकीला का चालत नाय?"

मग महाराज हसले.

"बाई, फूल झाडावरून तुटलं की ते झाडाचं राहत नाही. म्हणून ते देवाला चालतं. तू अजून झाडालाच धरून बसलीयेस."

हशा झाला. महाराजांना तो हशा गोड लागला असावा, कारण ते पुढे म्हणाले, "नवरा गेला बाईचा, पण जीभ नाही गेली." आता जोराचा हशा, आणि त्यात बायकांचे आवाज जास्त. मी टेपवरच्या असल्या आवाजांत इतके महिने काढले होते की हसणाऱ्या बायका किती पुढे बसल्यात हेही मला कळत होतं.

त्यातूनही ती बाई म्हणाली, "माझ्या इचारल्याचं उत्तर नाय दिलं तुम्ही."

"घ्या रे तो माइक तिच्याकडून," महाराज म्हणाले. खरखर झाली आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. पुरुषाचा. एकादशीला साबुदाणा चालतो का.

मी ती जागा पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकली. कामासाठी नाही, शब्द तर पहिल्याच वेळी कळले होते. मग मी सगळं टाइप केलं. बाईचा प्रश्न तिच्याच बोलीत, महाराजांचं उत्तर, कंसात हशा, पुन्हा हशा, माइक काढून घेतल्याचा आवाज. माझ्या पदरचं काही घातलं नाही.

पुढच्या खेपेला चिटणीसांनी मला समोर बसवलं. त्या पानावर तांबड्या पेन्सिलीची फुली होती.

"ताई, हे गाळायचं. महाराज त्या दिवशी फार थकलेले होते."

"तुम्हीच म्हणाला होतात, काही काढायचं नाही."

"वाणी काढायची नाही. ही वाणी नव्हे, हा… विनोद झाला."

"बरं," मी म्हटलं, "मग पूर्ण पान गाळू."

ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पूर्ण नको. तो फुलाचा दृष्टान्त फार सुरेख आहे. तो राहू द्या. फक्त वरचा प्रश्न बदलायचा. मी लिहून आणलंय." आणि त्यांनी वाचून दाखवलं. "एका साधकाने विचारले, महाराज, आसक्ती म्हणजे काय? त्यावर महाराज उत्तरले, फूल झाडावरून तुटले की ते झाडाचे राहत नाही."

त्या बाईला भर सभेत हाणून पाडायला जे वाक्य वापरलं, तेच आता धुऊन-पुसून सुविचार होणार होतं. आणि तिचा एवढा रोकडा, एवढा कष्टाचा प्रश्न कुणा साधकाच्या तोंडी जाऊन आसक्ती होणार होता. तिला दिली ती शिवी होती हो! शिवीचा हार करून महाराजांच्या गळ्यात घालायला निघाले होते हे लोक.

"हे मी टाइप करणार नाही," मी म्हटलं.

"ताई, ही सेवा आहे."

"सेवा आहे तर त्यात खोटं कशाला?"

त्यांचा आवाज तेवढाच मऊ राहिला. "तुमचं काम टायपिंगचं आहे. अर्थ लावायचं नाही."

"अर्थ तुम्ही लावलात, काका. मी फक्त ऐकलं."

कॅसेटची पिशवी मी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मला थांबवलं नाही, उलट प्रसाद पुढे केला. त्या प्रसादाची मला आजही चीड येते. म्हणजे माझ्याशी भांडण्याइतकंही त्यांना ते मोठं वाटलं नव्हतं.

घरी नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "त्या बाईला तू ओळखत नाहीस, ती तुला ओळखत नाही. टाइप करून मोकळी व्हायचंस." सासऱ्यांना कॅसेट बंद झाल्याचं कळलं तेव्हा ते माझ्यावर रुसले. पुढे बरेच दिवस मी भरवायला गेले की ते तोंड भिंतीकडे करत. त्यांना मी सगळं सांगितलं होतं. कळलं असूनही रुसले, की न कळून, हे मला विचारता आलं नाही आणि त्यांना सांगता आलं नाही.

पुस्तक निघालं. पंचवटीत एका दुकानात मी ते उघडून पाहिलं. साधक होता, आसक्ती होती, फूल होतं. पहिल्या पानावर 'शब्दांकन' म्हणून कुणा तिसऱ्याचंच नाव होतं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. माझं नाव असतं तर लाज वाटली असती.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी फुलबाजारात गेले होते. झेंडूचे ढीग, पाय ठेवायला जागा नाही. गर्दीत माझ्या मागून आवाज आला, "ताजा हाय बाई माल, पहाटंचाच तोडलाय, हात लावून बघा." मी जागीच थांबले. तो आवाज मी चेहऱ्याशिवाय इतक्या वेळा ऐकला होता की चूक होणं शक्य नव्हतं. वळून पाहिलं तर माझ्याच वयाची, काळीसावळी, हिरव्या काठाची साडी नेसलेली बाई ताडपत्रीवर बसली होती. कपाळ मोकळं.

मी खाली वाकले. "तुमच्या गावात महाराज आले होते, तेव्हा तुम्ही लेकीच्या हळदीचं विचारलं होतं ना?"

तिचा हात तागडीवर थांबला. "तुम्ही व्हत्या का तिथं?"

"नाही. मी टेप ऐकली. ऐकून लिहायचं काम होतं माझ्याकडे."

ती माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "मंग तुम्ही बी हसल्या असाल."

"नाही हो. मी नाही हसले."

"समदे हसले. माझी सख्खी नणंद हसली. घरी जाताना रस्ताभर कोनी बोललं नाय माझ्याशी." तिनं एका गिऱ्हाइकाला झेंडू जोखून दिला, पैसे कनवटीला लावले आणि पुन्हा माझ्याकडे वळली. "पन हळद मीच लावली पोरीला. पयली मीच. म्हनलं ज्याला उठून जायाचं त्यानं जावं. दीर-जाव उठून गेले. यीन, पोरीची सासू, मात्र बसून राह्यली, जेवून गेली."

मी तिला पुस्तकाचं सांगितलं. तिचं बोलणं काढून टाकल्याचं, साधक घातल्याचं, सगळं. सांगताना माझा आवाज इतका चढला की शेजारचा फुलवाला बघायला लागला. ती शांतपणे ऐकत होती.

"म्हंजी मी त्यात नायच?"

"नाही."

"तरी म्हनलं," ती म्हणाली, आणि शेजारच्या बाईकडे वळून मोठ्यानं सांगू लागली, "ऐकलं का गं, महाराजाला माझ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाय, म्हनून त्यानं प्रश्नच बदलला!" दोघी खदखदून हसल्या. मला हसू येत नव्हतं. मला अजूनही येत नाही.

निघताना तिनं माझ्या पिशवीत झेंडू ओतला आणि विचारलं, "मंग आता तुमचं ते ऐकायचं काम?"

"गेलं. दुसरं शोधतेय."

"भेटंल," ती म्हणाली. "बोलनारे लय हायेत."

दिवाळीनंतर एका वकिलाच्या कॅसेट मिळाल्या, जमिनीच्या दाव्यांच्या, अगदी रुक्ष. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं की टेपवर आहे तेच कागदावर येईल. ते गोंधळून म्हणाले, "म्हणजे? दुसरं काय येणार?" मी कॅसेट पर्समध्ये टाकल्या आणि सिडकोची बस पकडली.