तीन नळ्या रक्त

आईशी मी खोटं बोललो, तेही ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसलेली असताना. तिची दाढ काढायची होती आणि शुगरमुळे जखम लवकर भरणार नाही, अशी डॉक्टरांना काळजी होती. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिच्याच हातातून थोडं रक्त घेऊ, यंत्रात फिरवू आणि जो पिवळसर, जेलीसारखा भाग वेगळा होतो तो दाढेच्या खड्ड्यात ठेवून टाका घालू. "आईंना नीट समजावून सांगा," ते म्हणाले.

मला दुपारच्या गाडीनं अमरावतीला कामावर जायचं होतं. आईच्या गळ्यात तुळशीची माळ. अंडं घातलेला केकही ती खात नाही. दहा प्रश्न विचारील, या धास्तीनं मी म्हणालो, "शुगर पाहून राहिले."

दोन दिवसांनी अकोल्याहून बायकोचा फोन आला. दाढेच्या खड्ड्यात जनावराच्या हाडाचा भुगा भरतात, असं शेजारीण सांगून गेली होती. आपण बाटलो असं समजून आईनं माळ काढून देवाजवळ ठेवली आणि जेवण सोडलं. शुगरची गोळी घेतली, पण पोटात काही नाही.

मी आईला फोनवर म्हटलं, "तसलं काई नाई भरलं. तुहंच रक्त होतं."

"तवा तं शुगर म्हनला होता. शुगरले तीन नळ्या काहून लागतात? घरी तं एका थेंबात होते. आता खरं बोलून राहिला, हे कसं मानू?"

मिळाली त्या बसनं निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत बायकोला चारदा विचारलं, घाम आला का? हात थरथरतात का?

"थरथरतात," ती म्हणाली. "साखरेचं पाणी दिलं, तर पेला सरकवून देतात."

घरी पोचताच डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्यांनी आईला सगळं सावकाश सांगितलं. बाहेरचं काहीच घातलेलं नव्हतं. आईनं पेला उचलला. अर्धा प्याली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मले काहून नाई इचारलं? तोंड तं माहं हाय ना."

"चुकलो आई," मी म्हणालो. "गाडीची घाई होती. तू नाई म्हनशील असं वाटलं, म्हून विचारलंच नाई. माफ कर मले."