अर्धं सूत जादा

परवा परभणीहून एक गृहस्थ माझ्या लेथवर आले. गळ्यात नवाकोरा डिजिटल कॅमेरा, पिशवीत हातभर लांब जुनी लेन्स. पक्ष्यांचे फोटो काढतात म्हणे. नव्या कॅमेऱ्याला जुनी लेन्स बसत नाही, मध्ये एक रिंग करून द्या, म्हणाले. मी विचारलं, "लांबचं साफ दिसायला पाहिजे का?" ते हसायला लागले. लांबचं दिसावं म्हणूनच लोक असली लेन्स घेतात, हे मलाही कळतं. पण अशी रिंग मी पूर्वी एकदा केली होती आणि ती साफ चुकली होती. त्या चुकीचा मला आजही पस्तावा नाही.

मी बन्सीधर मिस्त्री. गंगाखेडला साखर कारखान्याच्या रस्त्यावर माझा लेथ आहे. इंजिनाचे बुश, चरकाचे लाट, असली माझी कामं. शेजारच्या गाळ्यात मुंजाजीचा फोटो स्टुडिओ होता. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटला, तेव्हा मुंजाजी एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या गावातली बौद्धांची घरं जाळली, त्यात त्याचंही गेलं. कुणी जाळलं ते त्यानं नावानिशी सांगितलं, तर पोलीस ठाण्यातल्या साहेबानं विचारलं, पुरावा काय? त्या दिवसांत मी दुकानाला आतून कडी लावून बसलो होतो. हे सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला सांगू.

मुंजाजीनं तो एकच शब्द धरून ठेवला. पुरावा. नांदेडच्या एका स्टुडिओत तीन वर्षं झाडलोट करत तो फोटोग्राफी शिकला आणि गंगाखेडला येऊन बसला. लग्नं, बारशी, पासपोर्ट, सगळं करायचा. पण नामांतराची सभा असो की मोर्चा, हा सगळ्यात पुढं. एक्क्याण्णव सालच्या अशाच एका सभेत धक्काबुक्की झाली. कॅमेरा वाचला, लेन्स फुटली. मग त्यानं हैदराबादच्या गुजरीतून, म्हणजे जुन्या बाजारातून, एक जुनी जर्मन लेन्स उचलून आणली. लांबचं ओढून जवळ दाखवणारी, जाडजूड, आट्यांवर बसणारी. त्याचा कॅमेरा जपानी, त्याला खाचा. दोघांचं जमणार कसं?

"मिस्त्री, मधी रिंग करा," तो म्हणाला. "आता लांबूनच फोटो काढायचा. कुणाच्या हाताला लागायचं न्हाई."

मी त्याच्याच फुटक्या लेन्सचा मागचा भाग घेतला, पितळेत आटे पाडले आणि दोन्ही जोडून दिले. आता आमच्या धंद्याची एक खोड असते. बुश करताना आम्ही माप थोडं जास्तच ठेवतो. बसवताना घासता येतं, कमी पडलं तर मात्र तुकडा वाया जातो. हात सवयीनं चालला आणि रिंग अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जाड राहिली. मुंजाजीनं लेन्स लावून समोरच्या हॉटेलच्या पाटीवर धरली. भज्यांचा भाव स्वच्छ वाचता आला. दोघंही खूश.

ब्याण्णवच्या जानेवारीत कडूबाई स्टुडिओत आली. मुंजाजीच्या गावची, नात्यानं त्याची मावशी, विधवा. गावच्या गायरानातली दोन एकर जमीन ती पंधरा वर्षं कसत होती. कसणाऱ्याच्या नावावर गायरान करायचं, असं सरकारनं ठरवलं होतं. पण त्या जमिनीवर डोळा असलेल्या शेजारच्या बागाईतदारानं, भगवानरावानं, तहसीलात लेखी देऊन टाकलं की ती जमीन पडीक आहे, तिथं पीक नाही आणि आपण तिथं कधी पाऊलही ठेवलेलं नाही. पंचनामा गावच्या चावडीत चहा पीत झाला. शेतात कुणी गेलंच नाही. सुनावणी सोमवारी होती.

"ज्वारी छातीला लागायली रे," कडूबाई म्हणाली. "आन् कागदावर पडीक. फोटू काढ. पर भगवानराव बांधावर माणूस ठिवून बसलाय."

मुंजाजी गेला. ओढ्यापलीकडं, दोनशे फुटांवर बाभळीच्या आडोशाला आडवा झाला. उन्हं डोळ्यावर, बांधावर राखणदार. लांबचं धरायचं म्हणून लेन्स शेवटच्या खुणेपर्यंत फिरवली आणि घाईघाईत सगळा रोल मारला. धुतला तर सगळा धूर. कडूबाई म्हणजे एक पांढुरका डाग, ज्वारी म्हणजे हिरवट चिखल.

मुंजाजी ते फोटो घेऊन माझ्याकडं आला. मी रिंग हातात घेतली आणि माझं मलाच कळलं: रिंग जाड, म्हणून लेन्स फिल्मपासून जरा दूर बसली होती आणि लांबचं धरत नव्हती. आम्ही रस्त्यावर टेप धरून मोजलं. लेन्स शेवटपर्यंत फिरवली की बरोबर साठ फुटांवरचं साफ दिसत होतं. त्यापुढं काही खरं नव्हतं.

"दे इकडं," मी म्हणालो. "दहा मिनिटांत घासतो. लांबचं लख्ख दिसंल."

मुंजाजी रिंगकडं बघत बसला. मग ती खिशात टाकली.

"नका घासू."

"अरे, चूक माझी हाय."

"चूक तुमची, पर लपलो म्या. घर जळलं तवा ओढ्यात लपलो, आन् काल बी त्याच ओढ्याला जाऊन पडलो. रिंग बरुबर झाली की उद्या परत तितंच जाऊन पडीन. माझी मावशी काय चोरीचं पीक कापायलीय का, की म्या चोरावानी फोटू काढू?"

मला राग आला. त्याचा नाही, माझा. शनिवारी सकाळी मी दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्या लुनाला किक मारली.

मुंजाजीला मागं बसवलं आणि आम्ही सरळ गाडीवाटेनं गेलो. शेताच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड होता, पिवळ्या रंगात गट नंबर लिहिलेला. कडूबाई दगडाशेजारी ज्वारीत उभी राहिली. राखणदारानं हाक दिली आणि भगवानराव मळ्यातून तावातावानं आला. हातात काठी. मला बघून जरा चपापला, कारण त्याची दोन्ही इंजिनं माझ्याकडंच यायची.

"मिस्त्री, तुमी कशाला ह्येंच्या नादी लागलाव?" मग मुंजाजीकडं वळून, "ए मुंज्या, व्हय माघारी! पाय मोडीन."

मुंजाजीनं दगडाला हात लावला, पाठ फिरवली आणि चालायला लागला. मोठ्यानं मोजत. एक, दोन, तीन. साठ फूट म्हणजे त्याची चोवीस पावलं. ती त्यानं स्टुडिओपुढं दहा वेळा मोजून ठेवली होती. भगवानरावाला वाटलं, पोरगं घाबरून पळालं. तो मोठ्यानं हसला. राखणदाराला म्हणाला, "बघ, पळायलाय कसा!" आणि आता बाईला हाकलावं म्हणून काठी आपटत ज्वारीत घुसला. ज्वारीची दोन ताटं कडकन मोडली. मीही मनातल्या मनात मोजत होतो. बावीस. तेवीस. चोवीस.

मुंजाजी गर्रकन वळला. लेन्स शेवटपर्यंत फिरवलेलीच होती. खटक. खटक. खटक.

भगवानराव ज्वारीतच थबकला.

"तितंच थांबा, मालक," मुंजाजी ओरडला. "लय साफ यायलाव!"

भगवानराव काठी उगारून धावला. तेव्हा मी मध्ये जाऊन उभा राहिलो. चौदा वर्षं उशीर झाला होता, पण राहिलो. काठी माझ्या खांद्यावर बसली. मुंजाजी पळाला नाही. त्यानं तोही फोटो काढला, पण तो धूसर आला, कारण आम्ही दोघं फार जवळ होतो.

सोमवारी तहसीलात साहेबानं भगवानरावाचा लेखी जबाब वाचला आणि फोटो टेबलावर ठेवला. पिवळा गट नंबर वाचता येत होता. कडूबाई कमरेवर हात ठेवून उभी. आणि तिच्या शेजारी, जिथं कधी पाऊल ठेवलं नाही असं लिहून दिलेलं, तिथं छातीएवढ्या ज्वारीत काठी घेऊन खुद्द भगवानराव. मिशीचा केस न् केस दिसत होता.

"हे तुम्हीच का?" साहेबानं विचारलं.

भगवानरावानं वकिलाकडं पाहिलं. त्याच्या वकिलानं घसा खाकरला. म्हणाला, फोटो कुठलाही असू शकतो, ज्वारी काय, सगळीकडं असते, ही कुणाची कशावरून.

कडूबाई पुढं झाली. पदरातून दोन सुकलेली ताटं काढली आणि फोटोशेजारी ठेवली. फोटोत भगवानरावाच्या पायाशी तीच दोन ताटं मोडून लोंबत होती, मोडल्याची जागाही तीच.

"साहेब," ती म्हणाली, "पेरली म्या. मोडली ह्येनी. आता ज्वारी कुणाची, त्येनलाच इचारा."